अंगी लागलेलं

पेलोतासला जुलैत गवत पांढरं पडतं.
अशाच एका सकाळी जांदिराचं पोर
माझ्या काट्यावर आलं:
एक किलो आठशे वीस ग्रॅम.
आकडा मी मोठ्यानं वाचला नाही.
लिहिला, आणि पेन्सिलीला टोक काढत बसले,
टोक होतं तरी.

नाव ठेवलं क्लाउदिओमिरो.
नाव तरी वजनदार असू दे, म्हणाली जांदिरा.
दिवस गेले तेव्हा ती पीचच्या कारखान्यात
उभ्यानं आठ-आठ तास बाठी काढायची.
दुपारी कॉफी आणि पाव,
रात्री उरलेला पाव,
आणि कॉफी.

मग आम्ही सगळ्या हात धुऊन मागे लागलो.
डब्याचं दूध, त्यात चमचाभर जास्त पावडर,
बोटाला लावून आटीव गोड दूध.
शेजारच्या अल्झिराबाई बलकाची मिठाई करायच्या;
कढईची खरवड आधी याला.
तक्त्यावरची रेघ हलली,
खालची ओळ ओलांडली, मधली गाठली,
वर्षाच्या आत
मधलीलाही मागे टाकून गेली.
मनगटाला वळ्या, मांडीला वळ्या.
‘बाळसं धरलं गं!’ मी फाटकातूनच ओरडले.
जांदिरानं तो तक्ता
संत अंतोनियोच्या तसबिरीशेजारी टांगला.

आज तो एकोणीस वर्षांचा.
कमरेभोवती फीत फिरवताना
मला त्याला जवळजवळ मिठीच मारावी लागते.
रक्तदाब दोनदा घेतला. दोन्हीदा तेच.
तो हसतो: ‘मी म्हणे तळहातावर मावायचो?’
मावायचास.

राजधानीहून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी
आम्हाला पडद्यावर दाखवलं होतं:
पोटात असताना जो उपाशी राहतो
त्याचं शरीर साठवायला शिकतं,
आणि पुढे घाईघाईनं भरवलं
तर ते शिकलेलं विसरत नाही.
म्हणजे आम्ही घातलं ते अंगी लागलंच,
पण त्याच्याही आधी
अंगी लागली होती ती भूक.

मी हात वर केला नाही. विचारायचं होतं,
की बाई, त्या हिवाळ्यात तुम्ही असतात
तर रेघ कुठे थांबवली असती?
छातीच्या फासळ्या मोजता येत होत्या.
खिडकीला काच नव्हती, पुठ्ठा होता.

आता नवी पोर येते, दोन किलो शंभर.
आई विचारते, धरेल ना बाळसं?
धरेल, म्हणते मी. अंगावरचंच पाज.
हळूहळू धरू दे.
ती माझ्याकडे अशी बघते
जणू मी तिच्या ताटातलं काढून घेतलं.

जांदिराकडून निघताना
तो तक्ता अजून भिंतीवर दिसला.
पेन्सिल पुसट झालीय.
वरच्या कोपऱ्यात चिकट अंगठ्याचा ठसा,
त्यावर एक मुंगी.
काढू का, तिनं विचारलं.
मी चप्पल शोधत राहिले.