जाळ्याबाहेर

दोन पत्रं एकाच दुपारी आली,
एक इस्पितळाचं, एक विमा कंपनीचं.
दोन्हींच्या पहिल्याच ओळीत ‘तुमची काळजी’.
मार्लिसने वाचून चष्मा काढला.
म्हणाली, दोघांनाही एवढी काळजी आहे माझी,
मग ती मलाच का लागून राहिलीय?

व्हर्न हौतालाला त्यातलं एवढंच कळलं:
एकतीस डिसेंबरच्या मध्यरात्री त्यांचा करार संपतो
आणि बारा वाजून एक मिनिटाला
आपली बायको जाळ्याबाहेर.

जाळं म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगायला नको.
चाळीस वर्षं सुपीरियर सरोवरावर
हेरिंगमागे गेली.
जाळ्याबाहेर राहिला तो मासा वाचला,
असा त्याचा हिशेब.
इथे उलटा.

पासष्टीला सरकारी विमा मिळतो,
मार्लिसला अजून चौदा महिने आहेत.
सहा केमोंपैकी तीन झाल्या.
केस गेले, भुवया गेल्या,
कॉफीला आता पत्र्याची चव येते म्हणते, तरी पिते.

त्याने फोन लावला.
स्पीकर चालू, मांडीवर फाटकं जाळं, हातात सुई.
‘तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’,
मग तीच धून, पुन्हा तीच,
बावन्न मिनिटांत नऊ गाठी.
शेवटी डेनेशा नावाची मुलगी बोलली, दक्षिणेकडच्या लांबट स्वरात:
जाळ्यातलं सर्वांत जवळचं इस्पितळ एकशे अठ्ठावन्न मैल.
जानेवारीत? त्याने विचारलं.
पलीकडे कीबोर्ड थांबला.
‘सर, तुमच्याकडे बर्फ किती पडतो?’
‘दार उघडेपर्यंत कळत नाही.’
मग ती हळूच म्हणाली,
उपचार अर्ध्यावर असतील तर एक अर्ज असतो.
नव्वद दिवस मिळतात.
विचारलं तरच सांगतात.

डॉक्टरची सही हवी. फॅक्सच हवा.
चाळीस मैलांच्या रस्त्यावर दोन फलक समोरासमोर,
दोन्हींवर हसरी म्हातारी माणसं,
दोन्हींवर ‘आम्ही तुमच्यासाठी लढतोय’.
मधून व्हर्नची गाडी, एक वायपर बंद.

पा हौआ वांग, केमोच्या खोलीतली नर्स,
पाळी संपून कोट घालून उभी होती.
कोट काढला.
पहिला फॅक्स अस्पष्ट म्हणून परत,
दुसऱ्यात कोडचा एक आकडा चुकलेला,
तिसरा गेला की नाही, ते मशीन सांगेना.
ती मशीनला तिच्या आईच्या भाषेत काहीतरी बोलली.
कागद बाहेर आला: पोचला.
तो कागद व्हर्नने घडी न घालता
शर्टाच्या आत, पोटाशी ठेवला.

एकतीसच्या रात्री दोघं जागी राहिली.
बाराला कुणीतरी गोठलेल्या पाण्यावर फटाके उडवले.
करार झाला नाही.
दोन जानेवारीला चौथी केमो झाली.
थेंब पडत होता. मार्लिसने विचारलं,
हा कोणाच्या खात्यावर?
पा हौआ म्हणाली, आजचा मोजलाय.
उद्याचं तीही बोलली नाही.

नव्वद दिवस एकतीस मार्चला संपतात.
आत काही उरलंय का, ते बघणारा स्कॅन
चौदा एप्रिलला.

माझ्या भाषेत कोळी
जाळ्याच्या एकेका घराला आस म्हणतात.
व्हर्नला हे ठाऊक असायचं कारण नाही.
पण घर मोजताना तोही
दोन्ही टोकांनी धरून ताणतो,
जाईल तितकं, तुटणार नाही इतकं,
आणि मगच पट्टी लावतो.

मार्लिस म्हणते, चौदा दिवस कुठून आणणार?
तो उत्तर देत नाही.
शेडमधला हीटर लावतो,
जाळं मांडीवर ओढतो,
आणि तोच नंबर फिरवतो.
धून सुरू होते.