दोरीच्या अलीकडे

आज्जीचं नाव क्रेसेंशिया. गावात सगळे त्सेन्त्सी म्हणत.
खिडकीत पाण्यानं भरलेला काचेचा गोळा,
त्यातून दिव्याचा उजेड कापडावर उतरायचा
आणि ती परगावच्या श्रीमंतांच्या रुमालांवर
त्यांच्या नावांची अक्षरं भरत बसायची.
तिचं स्वतःचं नाव लिहायची वेळ
एकदाच आली, चर्चच्या लग्नाच्या वहीत.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी
पुरुष तलवारी लटकवून चौकात जायचे.
आपेन्झेलमध्ये अजूनही जातात.
तलवार हा मतदार असल्याचा पुरावा,
बापाकडून मुलाला मिळते, गंजलेली चालते.
मामाची तर म्यानातून निघतच नव्हती.
ती घेऊन तो दोरीच्या आत उभा राहायचा,
आम्ही बेकरीच्या पायरीवर.
नवा रस्ता? हात वर.
गुरांच्या बाजाराला छप्पर? हात वर.
बायकांना मत?
हात खिशात.

असं तीनदा.
सुईच्या टोकावर मावेल एवढीही जागा
त्या चौकात आमच्यासाठी निघाली नाही.

पहिल्या खेपेला आई दारोदार फिरली, सह्यांसाठी.
मी आठ वर्षांची, मागे पेन सांभाळत.
एकीनं दार लावलं. एकीनं लोणी दिलं, सही नाही.
एक म्हणाली, आमचे हे घालतात की माझंही मत.
शेवटचं घर आमचं.
आज्जीनं कागद उजेडात धरला,
टाके तपासावेत तसा वाचला,
म्हणाली, ओटिलिया, तुझ्या मुलीचा मोजा फाटलाय,
आणि परत दिला.
कोरा.

त्यावर त्या दोघी किती वर्षं बोलल्या नाहीत
हे मला नक्की सांगता येत नाही.
नाताळला बोलायच्या. बटाट्यांबद्दल.

मग कोर्टानं सांगितलं तेव्हा दोरी सरकली.
आज्जी चौऱ्याऐंशीची. काळा कोट घालून
कुणी न बोलावता आली, आमच्याशेजारी उभी राहिली.
कुठल्याशा नाल्याचा प्रश्न होता.
आईनं हात वर केला, रडत, त्या नाल्यासाठी.
आज्जीनं केला नाही.
“विरुद्ध?” विचारल्यावर मात्र
तिची वाकडी, सुईनं भोकं पडलेली बोटं
टोपीच्याही वर गेली
आणि मोजून होईपर्यंत खाली आली नाहीत.
घरी येईस्तोवर भांडण.
नाला उगाच महाग आहे, ती म्हणत होती.
एवढ्या वर्षांत मी तिला
इतकी खूश पाहिली नव्हती.

माझी मिर्याम हे ऐकून हसते.
ती जूनमधल्या संपाला जाते, जांभळा रुमाल बांधून,
पातेलं वाजवत. मीही गेले होते,
माझं पातेलं पोचलेलं, आवाज बद्द.
तिनं विचारलं,
संपाच्या दिवशी आजीला कोण आंघोळ घालतंय?

झ्देन्का.
स्लोव्हाकियातून येते, तीन आठवडे इथे, तीन तिकडे.
माझ्या आईचे पाय चोळते, गोळ्या मोजते,
रात्री दोनदा उठते.
तिचा पगार मी देते. वेळेवर देते.
हे मी मिर्यामला ठासून सांगितलं.
ती काही बोलली नाही.

या एप्रिलला आईला चौकात नेलं.
चाकाची खुर्ची दोरीपर्यंत झ्देन्कानं ढकलली,
मग रखवालदार म्हणाला, इथून पुढे फक्त मतदार.
हँडल माझ्या हातात आले, अजून गरम.
झ्देन्का बेकरीच्या पायरीवर जाऊन उभी राहिली,
बरोबर त्याच.

व्यासपीठावरून प्रश्न आला, वृद्धाश्रमाच्या खर्चाचा.
आईनं हात वर केला नाही.
मान वळवून
ती पायरीकडे बघत होती.
मला म्हणाली, पेन आहे का तुझ्याकडे?