कडेचा हात

अशदोदहून शुलामित पेझारकरचा आवाज आला फोनवर,
आजीकडून उचललेल्या मराठीत:
"पणजीचा दगड उभा हाय का पडला, तेवढा फोटो काढून धाडा.
आणि माझ्या नावाचा एक खडा ठेवा वर."

रेवदंड्यात माझा स्टुडिओ. लग्नं, बारशी, पासपोर्ट,
आणि गेलेल्यांचे फोटो मोठे करून देणं, हार मावेल एवढे.
थडग्याची ऑर्डर पहिलीच.

खाडीकडे उतरताना खाचरं संपतात तिथं निवडुंगाचं कुंपण,
आत करवंदीच्या जाळ्या
आणि जाळ्यांत तीसेक काळे दगड,
काही बसलेले, काही आडवे.
शेळ्या चरत होत्या. धाकलू बांधावरून म्हणाला,
"ती शनवार तेल्यांची जागा.
माजा आजा सांगाचा, शनवारी घाना बंद म्हंजे बंद.
आता कोन येत नाय."

वर हिब्रू, खाली बाळबोध.
एक लिपी उजवीकडून निघालेली, एक डावीकडून,
दोघींवर एकच शेवाळ.
करवंटीने पाणी ओतलं, बोटांनी चाचपलं, तेव्हा लागलं:
सिगुल्लाबाई.
हसाजी एलोजी यांचे कुटुंब.
सन गेलेला.

कुटुंब.
जुन्या मराठीत बायकोला म्हणत असं.
म्हणजे बाई एकच जायची
आणि पाथरवट कोरून ठेवायचा
की कुटुंब वारलं.
मी बराच वेळ उकिडवा बसून राहिलो. पायाला मुंग्या आल्या.

पाच वाजले होते. ऊन दगडाच्या पाठीवर,
तोंड अंधारात.
अशा वेळी समोरून थर्मोकोल धरायचं, जरा तिरपं,
की उजेड वळून येतो आणि झिजलेलं अक्षरही सावली टाकतं.
सव्वीस वर्षं ते सुगंधाने धरलं.
मांडवात, हळदीत, भर दुपारी वाळूत.
"खाली. अजून. हां, आता हलू नको."
ती हलायची नाही.
कितीतरी नवऱ्यांच्या गालावरचा उजेड
तिच्या मनगटातून आलेला.
कडेला तिची बोटं यायची, हिरव्या बांगड्या यायच्या.
मी कापायचो.

तिला खाडीत सोडलं, ओहोटी बघून.
दगड नाही. खडा ठेवायचा तर कशावर?
भिंतीवर फोटो आहे तो रेशन कार्डावरचा, ताणून मोठा केलेला,
चेहऱ्याचे नुसते दाणे.
गिऱ्हाईक बघतं आणि काही बोलत नाही.
तेराव्यानंतर जुन्या निगेटिव्ह काढून बसलो,
कापण्याआधीच्या कडा शोधत.
कुणा म्हात्र्यांच्या लग्नात कोपर.
नागावच्या मुंजीत अंगठा, नखात हळद.
एकदा नुसता पदर, वाऱ्याने आत आलेला.
अशी जमवतोय. चेहरा अजून सापडला नाही.

थर्मोकोल करवंदीला टेकवलं, वाऱ्याने पडलं.
दगड लावला, पडलं.
धाकलूला हाक मारली तर तो शेळ्यांमागे.
मग कॅमेरा तिकाटण्यावर, दहा सेकंदांचा टायमर,
आणि धावत जाऊन मीच धरलं.
खाली. अजून.
तेव्हा कळलं, खांदा किती भरून येतो,
आणि धरणाऱ्याला
उजेड पडलेला दिसतच नाही नीट,
दिसतो फक्त थर्मोकोलचा पांढरा.

खडा ठेवला. शुलामितचा.
दुसरा उचलला होता, तो खिशात राहिला.

फोटो चांगला आला. सगळी अक्षरं उभी राहिली,
एका जागी एलोजीचा ए तुटका.
उजव्या कडेला पांढरी पट्टी, माझी चार बोटं.
कापायला घेतला
आणि तसाच पाठवला.

रात्री उत्तर आलं. रडली असावी, आवाज बसलेला.
आभार, आशीर्वाद, पैसे कसे धाडू,
आणि शेवटी: "बाजूला हात कोणाचा हाय?"

लिहिलं. पुसलं. परत लिहिलं.
मग एवढंच ठेवलं:
वारा होता. कुणीतरी धरायला लागतं.