दीड बाय दीड

तळघराची उंची सात फूट सात इंच.
सादिकभाईने टेप वर लावला, आकडा तोंडातल्या तोंडात म्हटला,
मग म्हणाला, जिप्सम घेतलंत तर पाच इंच जातील,
ग्रिड घेतलीत तर आठ,
पीव्हीसीला दोनच, पण काका, ते हॉटेलच्या मोरीसारखं दिसतं.

केतकीच्या मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपवर चौदा प्रकारची छतं.
बाबा, पांढरं, एकसंध, आत ग्लासवूल,
म्हणजे वरचा मिक्सर माझ्या मीटिंगमध्ये येणार नाही.
बरोबर आहे तिचं.
मिक्सर लागला की तिकडची माणसं विचारतात,
तुमच्याकडे बांधकाम चालू आहे का.

टिंबर मार्केटात जाऊन आलो दोघं.
भोकाभोकांच्या टाइल बघितल्या, मारी बिस्किटासारख्या.
पाइनच्या पट्ट्या: वास चांगला, भाव वाईट.
दुकानदाराने पत्ता विचारला.
बिबवेवाडी? चढावर घर? मग ओल येणारच, लाकूड विसरा.
विसरलो.

मग जुना चुना खरवडायला
सादिकभाईच्या पोराने पत्रा फिरवला.
चाळीस वर्षांचे थर पापडासारखे खाली,
आणि स्लॅबच्या पोटावर, दोन फळ्यांच्या सांध्यात
अक्षरं.

पोरगं म्हणालं, उर्दू आहे का?
सादिकभाई म्हणाला, नाही रे, उर्दू मला येते.
केतकी फोटो काढून उलटा करायला लागली,
तोवर मी वाचून मोकळा.
एकोणतीस वर्षं खिळे जुळवलेत शनिवारातल्या छापखान्यात.
उलटं तेच माझं सुलटं.
सुलटं वाचायला अजून चष्मा लागतो.

चौऱ्याऐंशीत पडली ही स्लॅब, हिच्या बँकेच्या कर्जावर.
फळ्यांच्या फटींतून सिमेंटचं पाणी गळतंय,
मिस्त्री म्हणाला, रद्दी आणा.
मी छापखान्यातून गठ्ठा आणला, सायकलच्या कॅरिअरला बांधून.
कुठला अंक, बघितलं नाही.
स्लॅबने बघितलं.

*भाड्याने देणे. तळमळला, दोन खोल्या,*
*नळ आत, लहान कुटुंबास प्राधान्य.*

ज-च्या खणात ळ पडला होता
कुणाच्या तरी हातून.
कुणाच्या काय, माझ्याच.
जाहिरातवाला स्वतः आला होता भांडायला,
तळमळला कोण, ते सांगा आधी.
पुढे महिनाभर चहाच्या गाड्यावर
काय खैरे, तळमळला का?

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ही जिना उतरत नाही.
वरच्या पायरीवरून विचारलं, काय सापडलं?
खालून ओरडून सांगितलं सगळं,
मालकांनी पाच रुपये कापले होते तेही.
ती थोडी थांबली.
साडेसात, म्हणाली. त्या महिन्यात हप्ता चुकला आपला.
आणि हसली का नाही,
ते खालून दिसलं नाही.

ठरलं शेवटी जिप्समच.
केतकीला मी काही बोललो नाही. मुलीला काम करायचंय,
तिच्या डोक्यावर आमची रद्दी कशाला.
फक्त सादिकभाईला बाजूला घेऊन म्हटलं,
इथे एक झाकण ठेवा, दीड बाय दीड.
वरच्या मोरीचा ट्रॅप बरोबर इथे येतो.

त्याने वर बघितलं.
मोरी दुसऱ्या टोकाला, पाइप भिंतीतून,
इथे ओलीचा ठिपका नाही.
कानावरची पेन्सिल काढून त्याने चौकोन आखला
अक्षरांच्या चारी बाजूंनी दोन दोन बोटं सोडून.
येतो ना, म्हणाला. नळ आत आहे.

काल बिल आलं.
स्क्वेअर फुटांचा हिशेब, ग्लासवूल, मजुरी,
आणि खाली पेनने वाढवलेली एक ओळ:
झाकन, एक नग, बाराशे.

न तसाच ठेवला मी.