रुमाल दाखव

नारिनच्या शाळेतला हॉल. कोपऱ्यात कोळशाची शेगडी,
तिची ऊब चार हातांवर संपते.
तिथून पुढे मी:
गळ्यात ओळखपत्र, हातात नेलकटर,
मॅट क्रमांक दोनची पोशाख-तपासनीस.

हात पुढे कर. पालथे. आता उताणे.
सकाळपासून एकोणसत्तर मुलींची नखं पाहिली.
कुणाच्या नखांत बटाट्याच्या वावरातली माती,
कुणाच्या शाई,
एकीच्या दहाही बोटांना जांभळा रंग,
परवा बहिणीचं लग्न झालं म्हणे.
रंग राहू दे, मी म्हणाले, नख राहणार नाही.

वेणीतला लोखंडी आकडा काढ. कानातलं काढ.
गळ्यातला ताईतही.
काढतात, आणि बघत राहतात माझ्याकडे, कुठं ठेवू?
माझ्या कोटाच्या डाव्या खिशात
आता सात आयांनी बांधलेल्या सात गाठी.
मी चालले की कुजबुजतात.

आणि रुमाल.
प्रत्येकीजवळ हवा. कापडाचा.
कशाला, एजे? दरवर्षी कुणीतरी विचारतं.
रक्त पुसायला.
माझ्या वेळी पुसायचो आम्ही. आता डॉक्टरकडे कापूस असतो, फवारा असतो,
बारा वर्षांत एकीनंही रुमाल बाहेर काढलेला नाही.
पण रुमाल नाही तर कुस्ती नाही.

आयझिरेक, शेहेचाळीस किलो, लाल.
पोशाख थोरल्या बहिणीचा, खांद्यांवर टाके घालून आखडलेला.
रुमाल दाखव.
तिनं कँटीनमधला कागद दाखवला,
त्यावर बोर्सोकचं तेल.
कापडाचा.
ती स्वतःच्या हाताकडे बघायला लागली,
जणू त्या हातानंच वाटेत कुठं टाकला असेल.
तिचा कोच बाहेर बर्फात गाडीच्या चाकांना साखळ्या बांधत होता.
एक मिनिट, मी म्हणाले.
माझ्या उजव्या खिशात माझा रुमाल, इस्त्रीचा.
तपासनिसानं खेळाडूला काही देऊ नये.
हाही नियम. तोही मला पाठ.

तेवढ्यात निळ्या बाजूच्या बेगिमाईनं
आपला रुमाल काढला,
काठ दातांत धरला,
आणि फाडला.
आवाज शेगडीपर्यंत गेला असणार.
अर्धा तिनं पुढं केला, न बोलता, थोडं वैतागूनच.
मग दोघी माझ्याकडे बघत उभ्या.

कापडाचा असावा. आहे.
माप दिलेलं नाही.
अख्खा असावा असं कुठंही लिहिलेलं नाही.
मी बरोबरची खूण केली.

एक्केचाळीस सेकंद.
बेगिमाईनं पट काढला, उचललं,
दोन्ही खांदे मॅटला टेकवून धरून ठेवले.
तिथं अर्धं काही नव्हतं.

संध्याकाळी ताईत परत केले.
प्रत्येकीनं आपला न बघता ओळखला, नुसत्या गाठीवरून.
सगळ्यात शेवटी आयझिरेक आली, नाक लाल,
रडून की थंडीनं, मी विचारलं नाही.
हातात तो तुकडा, चार घड्या घालून.
हा कुणाला देऊ, एजे? तिची गाडी गेली,
अंधाराआधी घाट उतरायचा म्हणून.

मी मनातल्या मनात सगळी पानं उलटली.
काय आणावं ते लिहिलंय,
काय आणू नये तेही.
परत करण्याबद्दल एक ओळ नाही.

ठेव, मी म्हणाले.
एप्रिलमध्ये तोकमोकला स्पर्धा आहे.
तिथंही मीच असेन दाराशी.
विचारीन, दाखव म्हणून.