कल्ला

हाजी बंदरच्या तपासणी शेडमध्ये
यंत्राच्या सुट्या भागांची पेटी. पाइनचं लाकूड,
छप्पन्न अंशांवर अर्धा तास भाजल्याचा शिक्का,
आणि शिक्क्याला खेटून, फळीच्या भेगेतून
वर आलेली एक अळंबी.

मळकट पिवळी. टोपीवर तपकिरी खवले.
लालताप्रसाद म्हणाला, कुकुरमुत्ता है मॅडम, फेंक दूँ?
मी वाकले.
तिला बडीशेपेचा वास होता.
फॉर्ममध्ये वासाचा रकाना नाही.

आय भाऊच्या धक्क्यावर, बोली लागायच्या आधी,
माशाचा कल्ला अंगठ्यानं उचलायची.
डोल्यांवर जाव नको, म्हणायची,
डोले बर्फानं पन चमकतान.
माझा अंगठा तिच्याच वळणाचा. त्यानंच
टोपीची कड उचलली.

आत कल्ले. दाटीवाटीनं, पांढरे, कोरडे,
आणि एकेकाच्या धारेला करवतीचे दाते.
झाड पाडणारी करवत हिनं कधी पाहिली,
असलं काहीतरी मनात आलं, ते मी खोडलं.
जेवणाची सुट्टी व्हायची होती.

पुस्तकात ही सूचिपर्णी जंगलात सापडते,
बर्फ वितळल्यावर, पडलेल्या खोडांवर.
या शहरात पाइन उभा कुठेच नाही.
आडवा मात्र सगळीकडे:
रे रोडच्या वखारींत, वांद्र्याच्या कॅफेत बाकं होऊन,
आमच्या घरी देव्हाऱ्याखाली,
बापसानं गोदीतून डोक्यावर आणलेली फळी.

जिवंत घटक आढळला: होय / नाही.
होय.
भट्टी दुसऱ्या दिवशी दहाला पेटणार होती.
तोवर टोपी देठापासून कापून
कार्बन पेपरवर पालथी ठेवली,
वर चहाचा ग्लास झाकला.

आय गेली त्या रात्री
चुलत्यानं पीठ पसरून टोपली पालथी घातली होती.
सकाळी सगळे दिवा घेऊन वाकले.
चुलतीला पाऊल दिसलं, जयवंतला मासा.
मला पीठ दिसलं.
लहान नव्हते मी, एकोणतीस वर्षांची होते,
तरी पुन्हा पुन्हा बघत राहिले.

ग्लास उचलला.
काळ्या कागदावर पांढरं चक्र,
रेघ न रेघ, मधोमध देठाची रिकामी जागा.
लालताप्रसादही वाकला. काही बोलला नाही.

टोपी भट्टीत गेली. कागदही गेला.
फॉर्मवर लिहिलं: नमुना नष्ट.
हात धुतले, साबणानं, दोनदा.
बसमध्ये दांडी धरली तेव्हा
अंगठ्याला बडीशेप येत होती.