दोनशे दहा वॅट

जळगाव एमआयडीसीत, डाळमिलच्या मागे
पाटी नसलेली एक पांढरी इमारत आहे.
बाहेर रात्री साडेअकरालाही पस्तीस,
आत अठरा.
मे महिन्यात स्वेटर घेऊन कामाला जाणारी
गल्लीत मी एकटीच.
आई म्हणते, पिशवीत ने, लोक वेडी समजतील.

रात्रपाळीला जोडीदार झोपे.
आडनावावरचे सगळे विनोद त्यानेच करून संपवलेत.
तो चिलरच्या आवाजाला कान लावून बसतो,
मी पडद्यासमोर.
हिरव्या-पिवळ्या चौकटी, प्रत्येक रॅकचा घास मोजलेला,
आणि वर कोपऱ्यात आकडा: एक पूर्णांक नव्वद.
म्हणजे रुपयाचं काम,
आणि ते काम तापू नये म्हणून नव्वद पैशांचा वारा.
साहेबांना हा आकडा आवडत नाही.
पूर्वी बिल यायचं, भरायचं, विषय मिटायचा.

सोमवारी दिसला तो.
रॅक चौदा, खालून तिसरा.
दोनशे दहा वॅट. ना वर, ना खाली.
कुणी त्याला काही विचारत नाही.
फक्त रात्री दोनला जरा उसळतो,
चार मिनिटं,
मग पुन्हा दोनशे दहा.

नोंदी उघडल्या.
यावलकडची एक पतसंस्था, सहा वर्षांपूर्वी गुंडाळलेली.
हा रोज दोनला उठतो,
व्याज लावायला खाती शोधतो.
खाती नाहीत.
शून्यावर व्याज लावतो, बरोबर लावतो,
आणि ताळेबंद जुळल्याचा निरोप
बंद पडलेल्या पत्त्यावर पाठवतो.
ठेवीदारांचा हिशोब कधी जुळला नाही.
याचा रोज जुळतो.

सकाळी वडिलांना सांगितलं.
एकतीस वर्षं दीपनगरला, कोळसा हाताळणीत;
अजून रुमाल झटकूनच खिशात ठेवतात.
"तो काय करस?"
काहीच नाही.
"आन् खास कितलं?"
वर्षाला अठराशे चाळीस युनिट,
थंडाव्याचे वरती साडेसोळाशे.
पेरांवर मोजलं त्यांनी, युनिटला पाऊण किलो.
"अडीच टन."
बराच वेळ गेला.
"तितला कोयसा मी फावडाघाई उचलेल शे,
पट्टाखाले सांडेल."
चहा तसाच निवला.

बंद करायच्या फॉर्मवर मालकाची सही लागते.
मालक नाही.
फैजपुरात एक निवृत्त अवसायक सापडले,
फोनवर म्हणाले, अजून चालू आहे ते?
सही मात्र दोन दिवसांत पाठवली.

झोपे म्हणाला, दोन वाजू दे.
शेवटची फेरी करू दे बिचाऱ्याला.
दोन वाजून चार मिनिटांनी बटण दाबलं.
पंखा फिरत फिरत थांबला,
आलेखाची रेघ जमिनीला टेकली,
आणि कोपऱ्यातला आकडा
एक पूर्णांक एक्क्याण्णव झाला.

काम घटलं, वारा तेवढाच.
भागाकार असाच असतो.
साहेबांना हे सकाळी कसं समजवायचं
यावर आम्ही दोघं हसलो,
मग झोपेने अठराचे एकोणीस केले,
थोड्या वेळाने वीस.
एकही यंत्र कुरकुरलं नाही.
पहाटे चारला मी स्वेटरचं वरचं बटण काढलं.

रॅक नऊमध्ये आणखी एक आहे.
एकशे ऐंशी. सरळ रेघ.
त्याच्याकडे अजून कुणी बघितलेलं नाही.